ह्यूस्टनचा मंद लयीचा बखरकार

ज्या वस्तीला स्वतःचे दस्तऐवज नसतात तिचा इतिहास बहुधा परक्या दप्तरांतून लिहिला जातो, आणि त्या दप्तरांत तिचीं माणसें ठराविक प्रसंगींच भेटतात: पोलिसांच्या नोंदवहींत आरोपी म्हणून, इस्पितळाच्या वहींत रोगी म्हणून आणि वर्तमानपत्राच्या रकान्यांत मृत म्हणून. मधल्या काळांत तीं काय बोलत होतीं, कशाला हंसत होतीं, कोणाच्या वाढदिवसाला कोण जमलें होतें, हें कोणी लिहून ठेवीत नाहीं. आमच्याकडील जुन्या बखरींवर संशोधकांनीं पुष्कळ आक्षेप घेतले आहेत. त्यांतील कालगणना चुकीची, आंकडे फुगविलेले आणि पक्षपात तर पानोपानीं. तरी पण एका काळचीं माणसें आपसांत कोणत्या भाषेनें बोलत, कोणाचा अभिमान बाळगीत आणि कोणासाठीं रडत, हें कळावयास अखेर बखरीकडेच वळावें लागतें. प्रस्तुत लेखांत आम्हांला अशाच एका बखरकाराची हकीकत सांगावयाची आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागांतील टेक्सास राज्यांत, ह्यूस्टन शहरीं, विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत त्यानें आपलें काम केलें. त्यानें हातीं लेखणी कधीं धरली नाहीं. त्यानें दुसऱ्यांच्या तबकड्या मंद गतीनें लावल्या आणि त्यांवर आपल्या शेजाऱ्यांना बोलूं दिलें. त्याचें नांव रॉबर्ट अर्ल डेव्हिस; जग त्याला डीजे स्क्रू या नांवानें ओळखतें.

हिप-हॉप या शब्दाविषयीं आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या मनांत अढी असेल, हें आम्ही जाणून आहों. ती अगदींच निराधार आहे असेंहि नाहीं. त्या गाण्यांत शिवीगाळ पुष्कळ, स्त्रियांविषयींची भाषा अनुदार, आणि सोन्यानाण्याचें व मोटारींचें प्रदर्शन कंटाळा येईपर्यंत. शिवाय या विशिष्ट गृहस्थाचें नांव निघालें कीं पाठोपाठ एका मादक औषधाचें नांव निघतें, आणि त्याच औषधाच्या पायीं वयाच्या एकोणतिसाव्या वर्षीं त्याचा अंत झाला. यांतील कांहींहि आम्ही लपविणार नाहीं. परंतु एवढ्यावरच त्याचा हिशेब मिटविणें न्यायाचें होणार नाहीं, असें आमचें मत आहे. तें कां, हें पुढील हकीकतीवरून दिसून येईल.

आधीं थोडेंसें त्या शहराविषयीं. ह्यूस्टन हें शहर १८३६ सालीं ॲलन आडनांवाच्या दोघां बंधूंनीं बफेलो बायू नांवाच्या संथ प्रवाहाच्या कांठीं वसविलें. टेक्सासमधील गुलामांना मुक्ततेचा हुकूम १९ जून १८६५ रोजीं गॅल्व्हेस्टन बंदरांत वाचून दाखविण्यांत आला. त्यानंतर आसपासच्या मळ्यांतून सुटलेले पुष्कळ लोक ह्यूस्टनला येऊन राहिले. शहराच्या जुन्या वॉर्डांपैकीं तिसरा, चौथा व पांचवा हे पुढें कृष्णवर्णीयांच्या वस्तीबद्दल प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वॉर्डांत या मुक्त झालेल्या लोकांनीं १८७२ सालीं आपसांत पैसे जमवून दहा एकर जमीन विकत घेतली. मुक्ततेचा वार्षिक उत्सव साजरा करावयास हक्काची जागा असावी, एवढाच त्यांतील हेतु होता. ती बाग, 'इमॅन्सिपेशन पार्क', आजहि तेथें आहे. लाइटनिन हॉपकिन्स (१९१२–१९८२) हा थोर ब्लूज गायक याच वॉर्डांत राहिला आणि तेथल्या गुत्त्यांतून गात असे. डॉन रोबी या कृष्णवर्णीय व्यापाऱ्यानें १९४९ सालीं ह्यूस्टनमध्येंच पीकॉक नांवाची ध्वनिमुद्रणसंस्था काढली. बिग मामा थॉर्नटन हिचें 'हाउंड डॉग' हें गाणें याच संस्थेनें १९५३ सालीं प्रसिद्ध केलें. तीन वर्षांनीं तेंच गाणें एल्व्हिस प्रेस्लीच्या तोंडून सर्व जगानें ऐकलें, आणि थॉर्नटनबाईंचें नांव मागें पडलें. सांगावयाचा मुद्दा असा कीं, या शहरांत गाण्याची उणीव कधींच नव्हती. त्याची नोंद आपल्या नांवावर राखणें तेवढें साधलें नव्हतें.

हिप-हॉपचा जन्म मात्र दूर न्यूयॉर्कांत झाला. ११ ऑगस्ट १९७३ रोजीं ब्रॉन्क्स भागांतील एका घरगुती मेजवानींत कूल हर्क नांवाच्या जमेकन तरुणानें तबकड्या लावल्या, तेथून या कलेचा प्रारंभ मानतात. एकाच गाण्याच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवावयाच्या, आणि नाचणारांना आवडणारा नुसत्या वाद्यांचा तुकडा संपत आला कीं दुसऱ्या तबकडीवरून तोच पुन्हा सुरू करावयाचा, ही त्याची युक्ति. पुढें त्या तालावर यमक जुळवून बोलण्याची प्रथा वाढली. प्रथम न्यूयॉर्कनें आणि मग लॉस एंजल्सनें या क्षेत्रांत सत्ता गाजविली. दक्षिणेकडील लोकांना हीं दोन्ही शहरें गांवढळ समजत. ३ ऑगस्ट १९९५ रोजीं न्यूयॉर्कमधील एका पारितोषिक-समारंभांत अटलांटाच्या 'आउटकास्ट' या जोडीला पारितोषिक मिळालें तेव्हां श्रोत्यांनीं त्यांची हुर्यो उडविली. दक्षिणेलाहि कांहीं सांगावयाचें आहे, असें त्या जोडीपैकीं आंद्रे बेंजामिन यानें तेथेंच व्यासपीठावरून बजावलें. तो प्रसंग पुढें दक्षिणेच्या स्वाभिमानाची खूण म्हणून गाजला. ह्यूस्टननें स्वतःचा आवाज त्याआधींच शोधला होता. जेम्स प्रिन्स याच्या 'रॅप-अ-लॉट' संस्थेनें काढलेलें 'गेटो बॉइज' या मंडळीचें गाणें १९९१ सालींच देशभर गाजलें होतें. आणि न्यूयॉर्कांत हा मानापमानाचा खेळ चालला होता त्याच सुमारास ह्यूस्टनच्या दक्षिण भागांतील एका घरांत एक अबोल तरुण रात्रभर जागून आपलें काम करीत होता. न्यूयॉर्कला काय वाटतें, हें विचारण्याची गरज त्याला भासलीच नाहीं.

डेव्हिसचा जन्म २० जुलै १९७१ चा. बालपण बरेंचसें स्मिथव्हिल या टेक्सासमधील लहानशा गांवीं गेलें. वडील लांब पल्ल्याचा मालट्रक चालवीत. आईबापांचें फार दिवस पटलें नाहीं. आई मुलांना घेऊन कधीं ह्यूस्टन, कधीं लॉस एंजल्स अशी फिरली, आणि साफसफाईचीं दोन दोन, प्रसंगीं तीन तीन कामें करून तिनें संसार चालविला. नऊ वर्षांचा असतां तो स्मिथव्हिलला परतला. पियानो शिकण्याची त्याला हौस होती. परंतु १९८४ सालीं 'ब्रेकिन' नांवाचा नृत्यपट त्यानें पाहिला आणि त्याचें मन तबकड्यांकडे वळलें. आईच्या संग्रहांतील बी. बी. किंग व जॉनी टेलर यांच्या तबकड्या हातानें मागेंपुढें फिरवून तो त्यांतून खरखरीचे ताल काढूं लागला. त्या माउलीला तें कितपत रुचलें असेल, याची कल्पना ज्यांच्या घरीं तबकड्या व मुलें दोन्ही होतीं त्यांना सहज करतां येईल.

त्याच्या टोपणनांवाची कथा मजेची आहे. एखादी तबकडी पसंत पडली नाहीं कीं तो मळसूत्री खिळ्यानें ती ओरखडून टाकी. इंग्रजींत या खिळ्याला 'स्क्रू' म्हणतात. तो प्रकार पाहून एका मित्रानें त्याला थट्टेनें 'डीजे स्क्रू' म्हटलें, आणि तेंच नांव त्यानें कायमचें धारण केलें. नापसंत गाणीं खिळ्यानें खोडून टाकणारा हा मुलगा पुढें पसंत पडलेलीं गाणीं विलक्षण मायेनें हाताळूं लागला. शाळा अर्धवट सोडून तो ह्यूस्टनला वडिलांकडे आला, आणि तेथें १९९० च्या सुमारास त्याला आपली रीत सांपडली.

ती रीत कोणती, हें नीट समजून घेतलें पाहिजे. जुन्या पिढींतील वाचकांना चावीचा ग्रामोफोन आठवत असेल. चावी उतरत आली म्हणजे तबकडी मंदावे, आणि गाणाऱ्या बाईंचा आवाज खालीं येत येत पुरुषाचा वाटूं लागे. मुलें हंसत, आणि घरांतील कोणी मोठें माणूस उठून चावी देई. मंद गति हा तेथें यंत्राचा दोष होता. डेव्हिसनें हाच दोष जाणूनबुजून पत्करला. त्याच्या यंत्रांना तबकडीची गति थोडी कमीअधिक करण्याची सरकती कळ होती. तेवढ्यानें त्याचें समाधान होईना, म्हणून दोन्ही यंत्रांवरून तयार केलेलें मिश्रण फीतयंत्रावर घेऊन तें तो आणखी मंद करी आणि मग दुसऱ्या फितीवर उतरवी. गति उतरली कीं स्वरहि उतरतो, हा ध्वनीचा नियमच आहे. गति निम्मी केल्यास स्वर बरोबर एक सप्तक खालीं जातो. डेव्हिस इतक्या टोंकाला जात नसे. तरी पण बोलणाराचा आवाज जड होई, ढोलाचा घाव रुंद होई, आणि सबंध गाणें पाण्याखालून ऐकूं यावें तसें वाटे.

दुसरी युक्ति तुकड्यांची. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या, दुसरी पहिलीच्या एखाद मात्रा मागें ठेवलेली. मधली कळ हातानें इकडून तिकडे सरकविली कीं नुकताच ऐकलेला शब्द पुन्हा ऐकूं येतो. मूळ युक्ति हर्कचीच. हर्क तिनें नाच लांबवी, डेव्हिस तिनें अर्थावर बोट ठेवी. आमचे कीर्तनकार बुवा अभंगाचा एखादा शब्द दोनतीनदां घोळवून श्रोत्यांच्या मनांत उतरवितात, तसाच कांहींसा हा प्रकार आहे. या दोन युक्त्यांना मिळून त्या लोकांत 'चॉप्ड अँड स्क्रूड' असें नांव पडलें.

आमच्या ख्यालगायनांतील विलंबित लयीची येथें आठवण होणें साहजिक आहे. लय विलंबित झाली म्हणजे दोन मात्रांच्या मध्यें जागा निर्माण होते, आणि गायकाची योग्यता त्या जागेंत तो काय करतो यावरून ठरते. डेव्हिसच्या फितींतहि अशी जागा निर्माण होते. परंतु मूळ गाणारा तेथें हजर नाहीं. त्यानें आपलें काम कधींच उरकलेलें असतें. ती जागा भरावयाची श्रोत्यानें. साम्य इथपर्यंतच, तें अधिक ताणण्यांत अर्थ नाहीं. स्वतः डेव्हिसनें आपला हेतु अगदीं साध्या शब्दांत सांगितला होता. लोकांना निवांतपणें ऐकतां यावें, आणि बोलणारा काय बोलतो आहे तें कळावें, म्हणून आपण गति कमी करतों, असें तो म्हणे. मिश्र फिती तयार करण्यांत तो पहिला नव्हे. त्याच शहरांत डॅरिल स्कॉट याच्या फिती त्याच्याआधीं प्रसिद्ध होत्या. मात्र मंद लय ही एक गंमत न राहतां सबंध शहराची बोली झाली, ती डेव्हिसच्या हातून.

ही बोली पसरली ती मोटारींतून. ह्यूस्टन हें अफाट पसरलेलें शहर. पायीं चालणाराला तेथें थारा नाहीं. संध्याकाळीं मोटार मुद्दाम हळू हांकीत, शेजारपाजारच्या लोकांना दर्शन देत जाणें, ही दक्षिण ह्यूस्टनच्या तरुणांची करमणूक. तिला या फिती अगदीं जुळून आल्या. डेव्हिस साध्या करड्या कॅसेटींवर त्या उतरवी व दहा डॉलरला एक याप्रमाणें घरींच विकी. त्याच्या दारापुढें मोटारींची रांग लागूं लागली. इतक्या मोटारी एका घरापाशीं थांबतात तेव्हां तेथें मादक द्रव्यांचाच व्यापार चालत असला पाहिजे, असा पोलिसांनीं ग्रह करून घेतला. तेथें विकली जात होती ती फीत. अखेर १९९८ सालीं त्यानें 'स्क्रूड अप रेकॉर्ड्स अँड टेप्स' नांवाचें दुकान काढलें; त्या दुकानांत त्याच्या फितींखेरीज दुसरें कांहीं मिळत नसे.

या व्यवहाराची कायदेशीर बाजू लंगडी होती, हेंहि सांगितलें पाहिजे. दुसऱ्यांचीं गाणीं त्यांच्या परवानगीवांचून घेऊन, बदलून, विकणें हें मालकी हक्काच्या दृष्टीनें समर्थनीय नव्हे. १९९५ सालीं 'थ्री इन द मॉर्निन' यासारख्या कांहीं कृती बिगटाइम या स्थानिक संस्थेमार्फत रीतसर निघाल्या, पण त्याच्या कामाचा फार मोठा भाग या बिनपरवान्याच्या फितींतच आहे. त्याच्या पश्चात् त्यांपैकीं ज्या क्रमवार प्रसिद्ध झाल्या त्यांचीच संख्या तीनशेंवर जाते. त्या मालिकेला 'डायरी ऑफ दि ओरिजिनेटर', म्हणजे आद्य कर्त्याची रोजनिशी, असें नांव आहे, आणि तें आम्हांला यथार्थ वाटतें.

कारण या फिती नुसत्या गाण्यांच्या नव्हत्या. गिऱ्हाईक येई तें आपल्या आवडीच्या गाण्यांची यादी घेऊन. कोणाचा वाढदिवस असे, कोणी तुरुंगांतून सुटून आलेला असे, कोणाचा मित्र नुकताच वारलेला असे. डेव्हिस त्या प्रसंगाची फीत तयार करी. आणि रात्रीं त्याच्या घरीं जमलेली मंडळी मंद तालावर, कांहींहि लिहून न आणतां, सुचेल तें यमकांत बोलत. तेंहि त्या फितींत जाई. गल्ल्यांचीं नांवें, मोटारींचे रंग, उत्तर भागांतील प्रतिस्पर्ध्यांना मारलेले टोमणे, आईची आठवण, मेलेल्या सोबत्यांची नामावळ, सारें त्यांत आहे. या मंडळीला 'स्क्रूड अप क्लिक' असें नांव पडलें. बखरीचे सर्व दोष या फितींत आहेत. बढाई आहे, अतिशयोक्ति आहे, आपल्या पक्षाचा अभिमान आहे. पण ज्यांच्याविषयीं दुसरें कोणी कांहीं लिहीत नव्हतें, त्यांनीं स्वतःविषयीं स्वतःच्या तोंडानें दिलेली ही साक्ष आहे, आणि तिला तारीखहि आहे.

त्यांतील सर्वांत प्रसिद्ध फितीचें नांवच एक तारीख आहे: २७ जून. १९९६ सालच्या त्या दिवशीं मंडळींतील डीमो नांवाच्या एका सोबत्याचा वाढदिवस होता. अटलांटाच्या 'क्रिस क्रॉस' या जोडीच्या एका गाण्याचा ताल डेव्हिसनें मंद करून लावला, आणि जमलेले तरुण पाळीपाळीनें सुमारें पस्तीस मिनिटें त्यावर बोलत राहिले. त्यांत बिग मो होता, बिग पोकी होता. विशेष असें कांहींच घडलें नाहीं. कांहीं मित्र एका वाढदिवसाला जमले, एवढेंच. परंतु ह्यूस्टनचे लोक पुढें दरवर्षीं २७ जूनला ती फीत लावूं लागले, आणि एका खाजगी वाढदिवसाचा शहरभर सण झाला. बिग मो २००७ सालीं वारला. बिग पोकी जून २०२३ मध्यें बोमाँट गांवीं रंगमंचावर गातां गातांच कोसळला आणि पुन्हा उठला नाहीं. फितीवर मात्र ते सर्व अजून त्या वाढदिवसाच्या रात्रींच बसलेले आहेत.

मृत्यु या मंडळीच्या पाठीशींच लागला होता. त्यांतील अत्यंत लोकप्रिय वक्ता फॅट पॅट ३ फेब्रुवारी १९९८ रोजीं गोळीला बळी पडला. त्याचा पहिला स्वतंत्र संग्रह त्यानंतर प्रसिद्ध झाला, तो त्याला पाहतां आला नाहीं. त्याचा भाऊ बिग हॉक हाहि १ मे २००६ रोजीं गोळीनेंच गेला. मधल्या काळांत, १६ नोव्हेंबर २००० रोजीं, डेव्हिस आपल्या ध्वनिमुद्रणाच्या जागींच मृतावस्थेंत सांपडला. वैद्यकीय तपासणींत कोडीनच्या अतिसेवनानें मृत्यु, असा निष्कर्ष निघाला. शरीरांत इतर मादक द्रव्येंहि होतीं.

येथें त्या औषधाविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. खोकल्याच्या एका औषधांत कोडीन आणि प्रोमेथेझीन हे दोन पदार्थ एकत्र असतात. तें औषध थंड पेयांत मिसळून पिण्याची चाल ह्यूस्टनच्या या वस्त्यांत पडली होती. कोडीन हें अफूच्या कुळांतलें; शरीरांत त्याच्या कांहीं अंशाचें मॉर्फीन होतें, आणि मात्रा वाढली किंवा दुसऱ्या गुंगी आणणाऱ्या द्रव्याची जोड मिळाली कीं श्वास मंदावत मंदावत थांबतो. मनुष्याला पीडा जाणवत नाहीं, म्हणून तो सावध होत नाहीं. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाचें व्यसन आमच्या देशांतहि आहे. तेव्हां हा परदेशचा किस्सा म्हणून कोणी निश्चिंत राहूं नये. डेव्हिसच्या मृत्यूनंतर या पेयाला एक प्रकारचें तेज चढविण्यांत आलें. त्याची गाणीं झालीं, आणि जीं पोरें ह्यूस्टनला कधीं गेलीं नाहींत तींहि तें पेलें हातीं धरून छायाचित्रें काढवूं लागलीं. या तेजाविषयीं आम्हांला तिटकारा वाटतो. ज्या वस्तीनें आपलीं इतकीं माणसें गमावलीं, तिच्या दुःखाचें हें भूषण केलें गेलें.

परंतु त्या पेयानेंच त्याला ही मंद लय सुचविली, असा जो समज रूढ आहे, तो मान्य करण्यास आम्ही तयार नाहीं. आपल्या रीतीच्या उगमाविषयीं बोलतांना त्यानें गांजाचा उल्लेख केलेला आहे, आणि तो आम्ही दडवीत नाहीं. मात्र फिती ऐकावयास कोणत्याहि नशेची जरूर नाहीं, असेंच त्याचें म्हणणें होतें. आणि केवळ साक्षीवर न जातां कृतीकडे पाहिलें तरी काय दिसतें? दोन तबकड्या एका मात्रेच्या अंतरानें चालत्या ठेवणें, नेमका शब्द पकडून तो परतविणें, तासभर ताल न मोडतां एका गाण्यांतून दुसऱ्यांत जाणें, आणि हें वर्षानुवर्षें रात्रीमागून रात्र करणें, हें गुंगींतल्या माणसाचें काम नव्हे. ऐकणाराला सुस्ती यावी अशी ती कृति असेल. करणाराचे डोळे, कान आणि बोटें अतिशय जागीं होतीं. व्यसनानें त्याला कला दिली नाहीं. व्यसनानें त्याची कला एकोणतिसाव्या वर्षीं संपविली. या दोन विधानांतील अंतर जो विसरतो तो त्या कलावंतावर अन्याय करतो, आणि आपल्या मुलांनाहि चुकीचा धडा देतो.

त्याच्या हयातींत ह्यूस्टनबाहेर त्याला फार थोडे लोक ओळखीत. २००५ च्या सुमारास माइक जोन्स, स्लिम थग, पॉल वॉल वगैरे ह्यूस्टनच्या मंडळींनीं देशभर नांव मिळविलें, तेव्हां त्यांच्यामागची ही लय सर्वांच्या कानीं गेली. यांत विशेष गोष्ट अशी कीं, ही मंडळी उत्तर भागांतील. ज्यांना डेव्हिसच्या फितींवर टोमणे बसत त्यांनींच त्याची लय जगापुढें नेली. त्याच शहरच्या ट्रॅव्हिस स्कॉट यानें २०१८ सालच्या आपल्या संग्रहांत एक सबंध गाणें त्याच्या स्मृतीला वाहिलें. या सर्वांपेक्षां आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते ती ह्यूस्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयाची कृति. डेव्हिसच्या स्वतःच्या संग्रहांतील हजाराहून अधिक तबकड्या त्या ग्रंथालयानें मिळवून जतन केल्या, आणि २०१२ सालीं त्यांचें प्रदर्शन मांडलें. ज्या घरापुढच्या रांगेकडे पोलीस संशयानें पाहत, त्या घरांतील सामान आतां अभ्यासकांच्या टेबलावर हलक्या हातानें ठेवलें जातें. दस्तऐवज नाहींत म्हणून ज्यांना इतिहास नव्हता त्यांना दस्तऐवज मिळाले.

या दस्तऐवजांची किंमत जगाला एका भयंकर प्रसंगीं कळली. २५ मे २०२० रोजीं मिनीॲपोलिस शहरीं जॉर्ज फ्लॉइड या सेहेचाळीस वर्षांच्या कृष्णवर्णीय गृहस्थाच्या मानेवर एक पोलीस अधिकारी नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा दाबून बसला, आणि त्यांत फ्लॉइड मरण पावला. २०२१ सालीं त्या अधिकाऱ्याला खुनाबद्दल दोषी ठरविण्यांत आलें. तीं मिनिटें चित्रित झालेलीं होतीं. सर्व जगानें तीं पाहिलीं, आणि कोट्यवधि लोकांना तो मनुष्य केवळ त्या मिनिटांपुरताच ठाऊक झाला. परंतु फ्लॉइड वाढला होता ह्यूस्टनच्या तिसऱ्या वॉर्डांत, आणि तरुणपणीं डेव्हिसच्या घरीं जमणाऱ्या मंडळींत तोहि होता. 'बिग फ्लॉइड' या नांवानें कांहीं फितींवर त्याचा आवाज आहे. त्याच्या मृत्यूनंतर लोकांनीं त्या फिती शोधून काढून पुन्हा लावल्या.

आरंभीं आम्हीं ज्या परक्या दप्तरांचा उल्लेख केला, त्यांत फ्लॉइडचें नांव सर्वत्र आहे: पोलिसांच्या कागदांत, शवचिकित्सेच्या अहवालांत, न्यायालयाच्या निकालांत. तेवढींच साधनें उरलीं असतीं तर पुढील पिढ्यांना त्याचा अंत तेवढा कळला असता. डेव्हिसनें पूर्वीं एका रात्रीं कळ दाबली, आणि म्हणून तो दुसऱ्या एका रीतीनेंहि उरला आहे. त्या फितीवर तो तरुण आहे, मित्रांच्या घोळक्यांत आहे, यमक जुळवितो आहे. मागें ताल हळू चालला आहे, आणि त्याचें बोलणें संपेपर्यंत थांबावयास सर्वांना वेळ आहे.